मजीदचाचांनी कापलेले नऊ गुण

मजीदचाचा गेले तेव्हा पनवेलमध्ये एकही फलक लागला नाही. या शहरात नगरसेवकाच्या भाच्याचा वाढदिवस असला तरी चौक झाकून टाकतात. पण ज्या माणसाने रायगड जिल्ह्यातल्या मैदानांवर वर्षानुवर्षं स्वतःला आपटून घेऊन लोकांचं मनोरंजन केलं, त्याच्यासाठी हातभर कापडही कुणाला सुचलं नाही. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. एका पानात अन्याय, मागणी आणि मोर्चाची वेळ बसवायची, एवढंच मला शिकवलेलं आहे. मजीदचाचा त्यात मावत नाहीत, म्हणून हे लांबवून लिहिते आहे.

आमची ओळख माझ्या पत्रकातल्या चुकांवरून झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पनवेलच्या एका मैदानावर तिकीट लावून फ्रीस्टाइल कुस्त्यांचा कार्यक्रम झाला. रंगीत चड्ड्या, धूर, कर्कश गाणी आणि टीव्हीवर दाखवतात तशी उचलाउचल. दुसऱ्याच आठवड्यात कळंबोलीत दोन शाळकरी भावंडांनी गच्चीवर तोच खेळ केला आणि धाकट्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मी पेटले. रात्रीत पत्रक लिहिलं : ‘ही कुस्ती नव्हे, ही फसवणूक आहे.’ हजार प्रती छापून नाक्यानाक्यावर वाटल्या.

तिसऱ्या दिवशी आमच्या संघटनेच्या खोलीच्या दारात एक जाडजूड माणूस उभा. पांढरी दाढी, मेंदी लावलेली मिशी, मान खांद्यांत बसवल्यासारखी. हातात माझं पत्रक, त्यावर लाल पेनाच्या खुणा.

“हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“तीन चुका आहेत.” ते खुर्चीत बसले नाहीत. “पहिली. तू लिहिलंयस, सगळं खोटं. खाली लोखंडी पाइप, वर प्लायवूड, वर बोटभर गादी. ये, एकदा पडून बघ, मग खोटं म्हण. दुसरी. तू याला नुरा कुस्ती म्हणतेस. नुरा म्हणजे लोकांना खरी सांगून आतून ठरवलेली. इथे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं की ठरलेलं आहे, तरी तो येतो. तो फसलेला नाही, तू त्याला फसलेला म्हणून त्याची बेइज्जती केलीस. आणि तिसरी. त्या पोराला कोणी पडायला शिकवलं नाही, हे लिहायला पाहिजे होतं. ते तू लिहिलंच नाहीस.”

माझ्या पत्रकाला शिव्या देणारे बरेच भेटले होते. ते वाचून तपासणारा हा पहिला. मी ताठून विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी पडायचो,” ते म्हणाले.

टपाल नाक्याजवळ त्यांचं सीडी भाड्याने द्यायचं दुकान होतं. मागच्या बाजूला टीव्ही आणि प्लेयर दुरुस्तीचं टेबल. तरुणपणी ते तालमीत होते, मग कुवेतला जाऊन गॅरेजमध्ये टायर बदलत राहिले, आणि परत आल्यावर एका ठेकेदाराच्या फ्रीस्टाइल कंपनीत शिरले. “कुवेतला मी अरबांचे टायर बदलले,” ते सांगायचे, “आणि इथे पोस्टरवर छापून आलो, अरबी शेर. डोक्याला रुमाल बांधायचा, लोकांकडे बघून थुंकायचं. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकासुद्धा मला चप्पल दाखवायच्या. म्हणजे काम बरोबर चाललंय.”

कुवेतहून त्यांनी एक कॅसेट आणली होती. अमेरिकेतली एक जुनी चॅम्पियनशिपची मॅच, तिथल्या टीव्हीवरून उतरवलेली, अरबी कॉमेंट्रीसकट. पुढे तिची सीडी करून घेतली. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण झालं की ते दुकानातल्या टीव्हीवर ती मॅच लावत. चाळीस मिनिटांची. गिऱ्हाईक आलं तर थांबायला सांगत, नाहीतर “परत ये” म्हणत. पैलवानांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. चॅम्पियन टकला होता, म्हणून तो टकला. आव्हान देणारा भांग पाडलेला, किडकिडीत, शाळेतल्या गणिताच्या शिक्षकासारखा, म्हणून तो मास्तर.

मी पहिल्यांदा बसले ती भांडायला. दुसऱ्यांदा बसले कारण पहिल्या वेळी हरले होते.

“आता बघ,” ते म्हणत, “दहा मिनिटं दोघं नुसते धरून आहेत. तुला कंटाळा आला?”

“आला.”

“यायलाच पाहिजे. नाहीतर पुढे दचकशील कशी?”

मास्तर टकल्याचा डावा गुडघा पिरगाळतो. तेव्हापासून टकला लंगडू लागतो. चाचा खुर्ची पुढे ओढून थांबत. विसाव्या मिनिटानंतर कुठेतरी कॅमेरा मास्तरवर होता, तो लोकांकडे बघून हात वर करत होता. चाचांनी चित्र थांबवलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. धूसर, पाठमोरा टकला दोरीला धरून उभा होता. चित्र पुन्हा सोडलं. टकल्याने एक पाऊल टाकलं, त्यातही डावा पाय ओढलेला.

“कॅमेरा त्याच्यावर नाही, पंच बघत नाही, मास्तर बघत नाही. तरी लंगडतोय. का?”

“सवय,” मी म्हटलं.

“तिथे मागे कोणीतरी बसलेला आहे. स्वस्तातल्या खुर्चीत. त्याला तोच दिसतोय. त्याच्यासाठी लंगडतोय.” आणि माझ्याकडे वळून, “तू पत्रक लिहिताना मागच्या खुर्चीतल्या माणसाचा विचार करतेस का, लीडरबाई?”

ते मला लीडरबाई म्हणत. चिडवायलाच. आम्ही भेटत होतो तोवर माझी सगळी पत्रकं छापायला जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून गेली. ‘तीव्र निषेध’ दिसला की ते लाल रेघ मारत. “तीव्र आहे तर तीव्र लिहायला कशाला लागतं?” उलव्याकडे सरकार घेत असलेल्या जमिनींवरचं पत्रक त्यांनी तीनदा परत केलं. पहिल्या दहा ओळी मी ओरडले होते, म्हणून अकराव्या ओळीतला खरा मार कुणाला लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पडण्याबद्दल ते हट्टी होते. “टाकणारा काही करत नाही. सगळं पडणारा करतो.” मी नको तिथे हसले. ते उठले, टेबल बाजूला सरकवलं, लुंगी आवरली आणि साठीला टेकलेला तो माणूस दुकानाच्या फरशीवर सरळ पाठीवर पडला. आवाज असा झाला की शेजारचा शिंपी कात्री घेऊन धावत आला. चाचा वर बघत पडलेले. मी ओरडलेच असणार. मग त्यांनी एक डोळा मिचकावला.

“हनुवटी छातीला. हात आधी. डोकं कधीच नाही,” ते झोपल्या झोपल्या म्हणाले. “कशी वाटली?”

“भिकार,” मी म्हटलं.

“झूठ.”

त्यांची एक सवय मला विचित्र वाटायची. ते कुणाशी हात मिळवत नसत. ईदला गळाभेट घेत, पण मुसाफ्याला कुणी हात पुढे केला की आपला उजवा हात छातीवर ठेवून मान झुकवत. मला वाटलं, काही धार्मिक कारण असेल. विचारलं नाही. माझ्यासारखी उठसूट विचारणारी बाई यात गप्प राहिली, याचा मला अजून राग येतो.

त्या मॅचला त्यांनी शंभरपैकी एक्क्याण्णव गुण दिले होते. गेलेले नऊ गुण एकाच ठिकाणी गेले. एकतिसाव्या मिनिटाला टकला मास्तरला डोक्यावरून मागे टाकतो. मास्तर वाकडा पडतो, मानेवर. टकला लगेच त्याच्यावर बसतो, त्याचा हात पिरगाळल्यासारखा धरतो आणि काहीच करत नाही. दोन-तीन सेकंद नुसता तसाच. मग खेळ पुढे चालू.

“इथे मॅच मेली,” चाचा म्हणत. “अख्ख्या जगाला दिसलं की हा विचारतोय. आमच्यात असं असतं, बेटा. हात पिरगाळायच्या निमित्ताने धरायचा. समोरच्याने एकदा दाबला तर चालू. दाबला नाही तर थांब. पण ते असं पाण्यातून मासा जातो तसं व्हायला पाहिजे. हा गधा वाट बघत बसला. नऊ गुण गेले.”

हे त्यांनी मला निदान दहा शुक्रवारी सांगितलं असेल. अकराव्या शुक्रवारी माझा संयम संपला.

“बरोबर केलं टकल्याने,” मी म्हटलं. “माणूस मानेवर पडलाय. त्याला जिवंत आहेस का विचारलं, तर तुमचा खेळ बिघडला? तुमच्या मागच्या खुर्चीतल्या माणसाला काय बघायचंय, प्रेत? मी असते तर शंभरपैकी शंभर याच जागेला दिले असते.”

चाचांनी टीव्ही बंद केला. रिमोट टेबलावर ठेवला, सरळ केला, परत सरळ केला. “जा आता,” म्हणाले.

पुढचे दोन शुक्रवार दुकानाचं शटर खाली होतं. तिसऱ्या शुक्रवारी अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले. टीव्ही बंद होता. ते अंधारात बसले होते आणि मी बसायच्या आतच बोलायला लागले, जणू मधले तीन आठवडे मी तिथेच होते.

त्यांच्या कंपनीत किसन नावाचा पैलवान होता. कर्नाळ्याच्या अलीकडच्या एका गावातला, आगरी. पोस्टरवर ‘रायगडचा वाघ’. सहा वर्षं दोघं एकमेकांशी लढले. चाचांनी मारायचं, लोकांना चिडवायचं, आणि शेवटी वाघाने उठून जिंकायचं. शेवटची कुस्ती जिल्हा चॅम्पियनच्या पट्ट्यासाठी होती. रेक्झिनवर पितळी पत्रा ठोकलेला पट्टा, ठेकेदाराने बनवून घेतलेला. किसन एकदा वाकडा पडला. चाचांनी त्याचा हात धरला, पिरगाळल्यासारखा.

“आणि त्याने दाबला,” चाचा म्हणाले. “मला वाटलं, दाबला. मी एक सेकंदही थांबलो नाही. लोक रंगात होते. उचलला आणि परत टाकला. मग त्याच्याकडे पाठ करून दोन्ही हात वर केले. असंच ठरलं होतं. मी पाठ करून उभा राहायचं, लोकांना शिव्या द्यायच्या, मागून तो उठणार आणि मला उचलणार. मी उभा. लोक ओरडतायत, वाघ, वाघ. मी उभाच.”

किसन उठला नाही. मानेखालचं शरीर गेलं. इस्पितळात जाऊन आलेल्यांकडून चाचांना कळलं ते एवढंच : डॉक्टरांना सांगता आलं नाही की मान पहिल्या पडण्यात मोडली की दुसऱ्यात. डॉक्टर एवढंच म्हणाले की अशा मारानंतर हाताची बोटं कधीकधी आपोआप आवळतात.

“पहिल्यात मोडली असेल तर तो अपघात,” चाचा म्हणाले. “मग बोटं आपोआप आवळली आणि मी फसलो. पण त्याने खरंच दाबला असेल, म्हणजे तोपर्यंत तो ठीक होता, तर दुसऱ्यात मोडली. म्हणजे मी मोडली. आठ वर्षं झाली. ही दोन सेकंदं मी या हातात घेऊन बसलोय.”

त्यांनी हात पुढे केला नाही. मांडीवरच ठेवला. लोकांशी हात न मिळवण्याचं कारण मला न विचारता कळलं. आणि टकल्याचे नऊ गुण का गेले, तेही.

मी काय केलं? मला येत होतं तेच केलं. घरी जाऊन पत्रक लिहिलं. मैदानावर डॉक्टर नव्हता, ठेकेदाराने इस्पितळात तोंड दाखवलं नाही, दोन गरीब पैलवान एका नफेखोराचे बळी. जळजळीत झालं होतं. चाचांच्या सहीसाठी घेऊन गेले.

त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. लाल पेन उचललं नाही.

“यात मी कुठे आहे?”

“हे काय. दोघे बळी.”

“तू मला सोडून दिलंस.” त्यांनी कागद घडी करून माझ्याकडे सरकवला. “ठेकेदार हरामखोर होता, लिही. पण हात माझ्या हातात होता. ठेकेदाराच्या नाही.”

मग मात्र मी बोलले, आणि जे बोलले ते पत्रकात छापण्यासारखं नव्हतं. म्हटलं, आठ वर्षं तुम्ही अमेरिकेतल्या टकल्याला प्रश्न विचारताय. तो तुम्हाला काय सांगणार? ज्याला माहीत आहे तो माणूस गोवा रोडवर राहतो. त्याला तोंड आहे. तुम्ही एकदा तरी गेलात?

“नाही.”

“इस्पितळात?”

“नाही.”

“भित्रे आहात तुम्ही.”

“आहे ना,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “रविवारी चल माझ्याबरोबर. तू असलीस तर अर्ध्या रस्त्यातून परत यायची मला शरम वाटेल.”

रविवारी सकाळी टमटममधून निघालो. चाचांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. वाटेत त्यांनी दोनदा उतरायचं काढलं, एकदा लघवीचं, एकदा पानाचं निमित्त. मी दोन्ही वेळा बरोबर उतरले.

घर सापडायला त्रास झाला नाही. गावात एकच वाघ होता. किसनची बायको हिराबाय ओटीवर सुकट निवडत बसली होती. “कोन पायजे?”

मी बोलणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, “सांग त्याला, अरबी शेर आलाय.”

आतून हसण्याचा आवाज आला. खरं हसणं, खोकल्यात संपलेलं. “हिरे, चप्पल दाखव त्याला. लय वरसांनी आला.”

खाटेवर चादरीखाली एक बारीक शरीर, आणि वर मोठं, देखणं डोकं. हिराबाय त्याची दाढी रोज करत असावी, गाल गुळगुळीत होते. चाचा खाटेजवळ जमिनीवरच बसले.

“म्हातारा झालास रं, मजीद.”

“झालो.”

“मी हिला इचारायचो हास्पिटलात. मजीदला तं लागला नाय ना? ही सांगायची, तो येत नाय. मना वाटला, तुलापन कायतरी झाला आन ही लपवतेय.”

चाचांनी मान खाली घातली. मग एका दमात, पाठ केल्यासारखं बोलले. “किसन, मी तुझा हात धरला होता. दुसऱ्यांदा टाकायच्या आधी. तू दाबलास का? खरं सांग. मी तेवढंच विचारायला आलो.”

दाराशी सूप घेऊन बसलेल्या हिराबायचे हात थांबले. किसन छताकडे बघत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघता येईना.

“मना ठाव नाय,” तो म्हणाला. “झूठ नाय बोलत. सकाळी हिनं भाकऱ्या दिल्या, त्या खाल्ल्या, तेवढा हाय. गाडीत बसलो, तेपन नाय आठवत. त्या दिसाचा मना कायच नाय.”

चाचांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. माफी मिळाली असती तर त्यांनी ती घेतली नसती; शिव्या मिळाल्या असत्या तर डोक्यावर घेऊन परतले असते. दोन्हींची तयारी करून आले होते. याची नव्हती. ते उठायला लागले.

“बस की,” किसन म्हणाला. “कशी झाली रं?”

“काय?”

“कुस्ती. माजी शेवटची. येतात ते रडतात, जातात. ठेकेदार तं आलाच नाय. हिनं बगितलेली नाय. कुस्ती कशी झाली, ता कोन सांगतच नाय मना. तू व्हतास ना तिथं?”

चाचा परत बसले. हिराबायने चहाचे पेले आणून ठेवले होते. त्यांनी चमचा उचलून पेल्यावर एकदा मारला.

“घंटा झाली,” ते म्हणाले. “तू उजवीकडून आलास.”

आणि त्यांनी सांगितली. टकल्या-मास्तरची सांगत तशीच, काही सोडून न देता. पहिली धरपकड, दोरीवरून उसळणं, समोरच्या ओळीत कुणी उसाचा तुकडा फेकला ते. “तिसऱ्या मिनिटाला तू घाई केलीस.” “घाई नाय, तूच उशीर केलास. तुजा तं नेहमीचाच.” “मी वाट बघत होतो, लोक बसायचे होते.” “लोक काय तुजे पावने व्हते?” हिराबाय तोंडाला पदर लावून हसत होती. ती ही कुस्ती पहिल्यांदाच ऐकत होती, तिच्या नवऱ्यासारखीच.

मग चाचांचा आवाज उतरला. “तू वाकडा पडलास. मी हात धरला. बोटं हलली. मला वाटलं, दाबलास. मी थांबलो नाही. थांबायला पाहिजे होतं, थांबलो नाही. उचलला तुला.”

“आन?”

“टाकला.”

“कसा टाकलास?”

“चांगला. तेवढा चांगला मी कोणालाच कधी टाकला नव्हता.”

“मंग?”

“मग मी पाठ केली. हात वर केले. लोक तुझं नाव घ्यायला लागले. वाघ, वाघ. सगळं मैदान. पोलिसपण. तू उठशील म्हणून मी उभा होतो. मग मागच्या लोकांचं ओरडणं थांबलं, मग मधल्यांचं. पुढच्यांना सगळ्यात शेवटी कळलं. त्यांच्यानंतर मला.”

किसनने डोळे मिटले होते. कानशिलावरून पाणी ओघळून उशीत जात होतं आणि ते पुसायला त्याला हात नव्हते. हिराबाय उठली, पण त्याने मानेनेच तिला नको म्हटलं.

“पट्टा कोनी नेला?”

“ठेकेदाराने.”

“भडवा.” माफ केलं, असं तो म्हणाला नाही. चाचांनी विचारलंही नाही. मग तो म्हणाला, “परत सांग. पयल्यापासून. आन तिसऱ्या मिनटाला घाई केली म्हनू नको.”

माझी दुपारी बैठक होती. मी उठले. माझ्या पिशवीत ते जळजळीत पत्रक होतं, एक प्रत हिराबायला द्यायची म्हणून आणलेलं. ते मी दिलं नाही. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही; ते खाटेला टेकून बसले होते, सदरा चुरगळला होता, आणि पेल्यातला चहा पिऊन टाकून पेला रिकामा करत होते, घंटा नीट वाजावी म्हणून. त्यानंतर मी उलव्याकडच्या कामात अडकले, आणि ते जाईपर्यंत त्यांना पुन्हा पाहिलं नाही. त्या दुपारी ओटीवरून उतरून मी चपला घातल्या. आत कुस्ती सुरू झाली होती. हिराबाय दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिने हळूच दार लोटून घेतलं.